परक्या देशातलं घर आणि गावातली सही

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

मुलुंड, घाटकोपर भागातल्या बचत गटांबरोबर मी समन्वयक म्हणून काम करते. आज मी परदेशात घर घेण्याबद्दल बोलणार आहे. हे ऐकून काहीजणी हसल्या असतील. "ताई, इथे घराचं छप्पर शाकारायला पैसे नाहीत आणि तुम्ही परदेशातल्या घराचं काय सांगता?" पण जरा थांबा. तुमच्या गटात, वाडीत, भावकीत कोणाचा ना कोणाचा मुलगा, जावई, भाऊ दुबईला, कतारला, मस्कतला आहे की नाही? रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गाकडच्या मैत्रिणींना तर हे सांगायलाच नको. तो मुलगा दहा वर्षं भाड्याच्या खोलीत काढतो आणि एक दिवस त्याचा फोन येतो. "आई, इथे घर घेतोय. थोडे पैसे कमी पडतात. आणि एका कागदावर तुझी सही लागेल."

म्हणजे घर परदेशात असलं तरी त्यातला एक पाय आपल्या उंबऱ्यात असतो. पैसे आईच्या पाटल्यांचे असतात, नाहीतर वडिलांच्या ठेवीचे. सही आईची किंवा बायकोची असते. आणि ज्या बाईची सही लागते, तिला कागदात काय लिहिलंय ते विचारायचा पूर्ण हक्क असतो.

इकडे मुंबई उपनगरात हा विषय आणखी जवळ आलाय. अंधेरीच्या मोठ्या हॉटेलांमधून शनिवार-रविवारी दुबईच्या घरांची प्रदर्शनं भरतात. गुळगुळीत पुस्तिका, चहा-नाश्ता, टाय लावलेली मुलं. "आज बुक केलं तर सूट, उद्या भाव वाढणार." पूर्वी तिथे व्यापारी जायचे. आता हप्त्याची सोय दाखवतात म्हणून बोरिवली-मुलुंडची नोकरदार माणसंही जातात. आणि गावाकडे ज्यांची मुलं आखातात आहेत, त्यांना तिथले एजंट थेट मुलाच्या कामाच्या ठिकाणी गाठतात.

आज मी दुबईचंच उदाहरण घेते, कारण आपल्याकडची पुष्कळ माणसं तिथे आहेत आणि परक्या माणसाने घर घेण्याचे नियम तिथे स्पष्ट लिहिलेले आहेत.

पहिली गोष्ट गाठ मारून ठेवा. घर ज्या जमिनीवर उभं असतं, त्या जमिनीचा कायदा त्या घराला लागतो. आपल्याकडे शेत घेताना आपण सातबारा बघतो. मुंबईत फ्लॅट घेताना दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला करार बघतो, इंडेक्स टू बघतो, सोसायटीचा दाखला बघतो. आता २०१७ पासून महारेरा आहे, म्हणून बिल्डरचा नोंदणी क्रमांकही बघतो. पण महारेराचा हात महाराष्ट्रातल्या प्रकल्पांपर्यंतच पोचतो. दुबईचा बिल्डर अंधेरीच्या हॉटेलात बसून घर विकत असला, तरी इमारत रखडली की महारेराकडे जाऊन उपयोग नाही. तक्रार तिकडे, तिकडच्या कायद्याने करावी लागते. कागद इंग्रजीत असला तरी तिथल्या न्यायालयाचं काम अरबीत चालतं. कराराच्या दोन भाषांत फरक निघाला तर साधारणपणे अरबी मजकूर धरला जातो. म्हणून वकील तिथला कायदा जाणणारा हवा.

तिथला कायदा काय म्हणतो? परदेशी माणसाला दुबईत कुठेही घर घेता येत नाही. २००६ साली सातव्या क्रमांकाचा कायदा झाला. त्याप्रमाणे तिथल्या शासकांनी ठरवून दिलेल्या भागांतच परक्या माणसाला मालकी मिळते. ती दोन प्रकारची असते. एक कायमची मालकी आणि दुसरी जास्तीत जास्त ९९ वर्षांचा वापराचा किंवा भाडेपट्ट्याचा हक्क. पुस्तिकेत दोन्ही घरं सारखीच दिसतात. पण एक घर नातवंडांचं होतं आणि दुसऱ्याची मुदत एक दिवस संपते. म्हणून पहिला प्रश्न हा की मालकी कसली मिळणार.

दुसरं, बांधून तयार असलेलं घर आणि कागदावरचं घर यांत फरक आहे. दुबईत पुष्कळ घरं इमारत उभी राहायच्या आधी विकतात. २००८ साली जगभर मंदी आली तेव्हा तिथले कितीतरी प्रकल्प अर्धवट थांबले, काही रद्द झाले. लोकांचे हप्ते अडकले. त्याच सुमारास तिथल्या सरकारने नियम घट्ट केले. २००७ च्या आठव्या कायद्याप्रमाणे बिल्डरने प्रत्येक प्रकल्पासाठी बँकेत वेगळं राखीव खातं उघडायचं आणि ग्राहकाचे पैसे त्याच खात्यात घ्यायचे. त्याला एस्क्रो खातं म्हणतात. आपल्या गटाचं खातं कसं गटाच्या नावाने असतं, अध्यक्षाच्या नवऱ्याच्या नावाने नसतं, तसंच हे. त्याच वर्षी तिथे रेरा नावाची संस्था आली. २००८ च्या तेराव्या कायद्याने असंही ठरलं की बांधकाम चालू असलेल्या घराची विक्री सरकारच्या तात्पुरत्या नोंदवहीत चढवली नाही, तर ती विक्री कायद्याने धरलीच जात नाही.

म्हणून टोकन देण्याआधी तीन नंबर मागायचे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, राखीव खात्याचा क्रमांक आणि एजंटच्या परवान्याचा क्रमांक. दुबईच्या जमीन विभागाचं 'दुबई रेस्ट' नावाचं मोबाईल ॲप आहे, त्यावर हे तपासता येतं. आणि पैसे एजंटच्या किंवा त्याच्या कंपनीच्या खात्यात टाकायचे नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. या सगळ्या व्यवहारात आपला माणूस कोण?

इंग्लंडमध्ये घर घेताना घेणाऱ्याचा वेगळा वकील असण्याची जुनी रीत आहे. तो नोंदी तपासतो, विकणाऱ्याच्या वकिलाला प्रश्न विचारतो आणि मग पैसे सरकतात. दुबईत वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही. एजंट, बिल्डरचं ऑफिस आणि नोंदणीचं कार्यालय एवढ्यावर घर नावावर होतं. म्हणून लोक वकिलाचा खर्च वाचवतात. पण एजंटची दलाली सौदा झाला तरच मिळते. बिल्डरच्या ऑफिसातली कायद्याची मुलगी कितीही गोड बोलली तरी पगार बिल्डरचा घेते. ही माणसं वाईटच असतात असं मी म्हणत नाही. फक्त ती आपली नसतात. "हा सौदा करू नका" हे आपल्याला सांगायला ज्याचं काही बुडत नाही, तोच आपला वकील.

आमच्या घाटकोपरच्या एका गटातल्या ताईंची गोष्ट सांगते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. मुलगा एसी दुरुस्तीच्या कामावर दुबईला गेला, हळूहळू सुपरवायझर झाला. एका एजंटने त्याला साडेपाच लाख दिरहमचं एका खोलीचं घर दाखवलं. दर महिन्याला किमतीचा एक टक्का भरायचा, म्हणजे साडेपाच हजार दिरहम. "घर तयार झालं की भाड्याची हमी आमची," असं पुस्तिकेत छापलेलं. मुलाने वीस हजार दिरहम टोकन दिलं आणि आईला फोन केला. सुरुवातीच्या रकमेसाठी सहा लाख रुपये कमी पडत होते. ताईंनी पाटल्या आणि ठेव मोडायची तयारी केली. एजंट म्हणाला, आईंचं नावही घरावर घालू, आशीर्वाद राहील.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला, कारण ताईंनी गटाकडे पन्नास हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारणं हा आमचा नियमच आहे. एकीने विचारलं, "करार कोणी वाचलाय का?" कोणीच वाचला नव्हता, मुलानेही नाही. चाळीसच्या वर पानं होती. मग ताईंनी इथल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून सल्ला घेतला आणि मुलाने तिकडे फी देऊन वकिलाकडून करार वाचून घेतला.

वकिलाने काय दाखवलं? भाड्याची हमी पुस्तिकेत होती, करारात नव्हती. ताबा द्यायच्या तारखेनंतर आणखी बारा महिने बिल्डर कारण न देता थांबू शकत होता. टोकन राखीव खात्यात गेलंच नव्हतं, एजंटच्या कंपनीकडे गेलं होतं. आणि बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की ही रक्कम परत मिळणार नाही. मुलाने माघार घेतली. वीस हजार दिरहम गेले ते गेलेच. ताई दोन दिवस जेवल्या नाहीत. पण त्यांचे सहा लाख घरात राहिले. मुलाला अजून घर घ्यायचंच आहे आणि त्याने ते जरूर घ्यावं. आता तो टोकनच्या आधी वकिलाकडे जाईल, एवढंच.

कोणी म्हणेल, करारात असं काय असतं? एकच उदाहरण देते. समजा हप्ते थकले. नोकरी गेली, आजारपण आलं. मग बिल्डर जमीन विभागामार्फत तीस दिवसांची नोटीस देतो आणि पुढे करार मोडू शकतो. त्या वेळी बांधकाम किती झालंय त्यावर ठरतं की तो किती रक्कम स्वतःकडे ठेवणार. चालू बांधकामात ही रक्कम २५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. आणि ही टक्केवारी आपण भरलेल्या पैशावर नाही, घराच्या पूर्ण किमतीवर धरतात. साडेपाच लाखांच्या घरात सव्वा लाख दिरहम भरले आणि हप्ते थांबले, तर हातात काहीच परत न येण्याची पाळी येऊ शकते.

शिवाय आखातातला मुक्काम नोकरीच्या व्हिसावर असतो. साधं घर घेतलं म्हणून कायमचं राहता येत नाही आणि नागरिकत्व तर मिळतच नाही. वीस लाख दिरहम किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालमत्तेवर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळू शकतो, पण ती आपल्या मुलांच्या खिशातली गोष्ट नव्हे. नोकरी संपली तर मुलगा परत येईल, पण घराचे हप्ते तिथेच चालू राहतील.

आणि मुलगा परत आल्यावर हप्ते रुपयांतून भरावे लागले तर? दिरहम हे चलन १९९७ पासून डॉलरला बांधलेलं आहे. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. म्हणजे रुपया डॉलरपुढे घसरला की दिरहमपुढेही घसरतो. २०१४ च्या सुरुवातीला एक दिरहम साधारण १७ रुपयांना होता. २०२४ च्या शेवटी तो २३ च्या वर गेला. साडेपाच हजार दिरहमचा हप्ता तेव्हा साडेत्र्याण्णव हजार रुपये झाला असता, दहा वर्षांनी तोच हप्ता सव्वा लाखाच्या वर. हप्ता वाढलेला नाही, पण आपला रुपया लहान झाला.

किमतीवर आणखी काय चढतं तेही विचारा. दुबईत जमीन विभागाची नोंदणी फी किमतीच्या ४ टक्के असते आणि बहुतेक वेळा ती घेणाऱ्यालाच भरावी लागते. तयार घर एजंटमार्फत घेतलं तर दलाली साधारण २ टक्के. शिवाय इमारतीच्या देखभालीचा खर्च दर वर्षी चौरस फुटावर भरावा लागतो, घर रिकामं पडलेलं असलं तरी.

आता पैसे पाठवण्याबद्दल. मुलगा तिकडे राहून, तिकडच्या पगारातून घर घेत असेल तर त्याच्यावर इथली मर्यादा नाही. पण आपण इथून पैसे पाठवणार असलो तर आपल्याला परकीय चलनाचा कायदा, म्हणजे १९९९ चा फेमा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते. एवढी रक्कम आपल्याकडे नसते, म्हणून मर्यादेची काळजी नाही. काळजी वाटेची आहे. पैसे बँकेतूनच, पॅन देऊन आणि खरं कारण लिहून पाठवायचे. घरासाठी पैसे जात असताना अर्जावर "नातेवाईकाच्या खर्चासाठी" असं लिहायला कोणी सांगितलं तर सही करू नका. आणि "आमचा माणूस इथे रुपये घेईल, तिकडे दिरहम देईल, फी वाचेल" असं कोणी म्हटलं तर ती हवाला. तो गुन्हा आहे आणि त्याची पावतीही नसते.

आणखी एक नियम आपल्या गटांनी नीट ऐकावा. परदेशात मालमत्ता घेण्यासाठी या योजनेखाली पैसे पाठवायला इथल्या बँकांनी कर्ज द्यायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. मग गटाचं बँकेकडून आलेलं कर्ज अशा कामाला वळवणं बरोबर नाही. ते कर्ज आपल्या रोजगारासाठी असतं आणि त्याच्या परतफेडीला सगळ्याजणी बांधलेल्या असतात. दुबईतली इमारत रखडली म्हणून भाजीची गाडी लावणाऱ्या आपल्या मैत्रिणीने हप्ता का भरावा?

आता नावाचा प्रश्न. "आई, तुझं नाव घालतो" हे ऐकायला किती छान वाटतं! पण भारतात राहणाऱ्या व्यक्तीच्या नावावर परदेशात मालमत्ता असेल, तर तिचं उत्पन्न शून्य असलं तरी तिला दर वर्षी आयकराचं विवरणपत्र भरावं लागतं आणि त्यात ती मालमत्ता दाखवावी लागते. नाही दाखवली तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. गावातल्या ज्या आईने आयुष्यात कधी विवरणपत्र भरलेलं नाही, तिला हे कोण सांगणार? नाव जरूर घालावं, पण हे माहीत करून घेऊन आणि कर सल्लागाराला विचारून.

नाव नसेल तर आईचं काय? हाही कायद्याचाच प्रश्न आहे. आपल्याकडच्या १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर त्याची आई पहिल्या वर्गातली वारस असते. बायको आणि मुलांच्या बरोबरीने तिलाही हिस्सा मिळतो. पण मी मघाशी म्हटलं तसं, घर जिथे उभं तिथला कायदा. संयुक्त अरब अमिरातीत मुस्लिमेतर लोकांसाठी २०२२ साली ४१ क्रमांकाचा कायदा झाला आणि तो १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. त्यात मृत्युपत्र नसेल तर अर्धा हिस्सा बायकोला आणि अर्धा मुलांना, मुलगा-मुलगी समान. बायकोसाठी आणि लेकींसाठी ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्या आईने पाटल्या मोडल्या, तिला बायको-मुलं असताना त्यात हिस्सा नाही. वारस आपल्या देशाचा कायदा लावा अशी मागणी करू शकतात, पण तो वाद कोर्टात घालायची पाळी कशाला आणायची? आपल्या मुस्लिम भगिनींच्या घरात तिकडे शरियतप्रमाणे वाटे होतात. त्यात आईचा वाटा ठरलेला असतो. मुलाला मुलंबाळं असतील तर सहावा हिस्सा.

म्हणून घर घेतानाच मृत्युपत्राचं विचारावं. मुस्लिमेतर माणसाला दुबईच्या न्यायालयात किंवा २०१५ पासून सुरू झालेल्या दुबईच्या वित्तीय केंद्रातल्या मृत्युपत्र नोंदणी कार्यालयात मृत्युपत्र नोंदवता येतं. आणि आईने पैसे दिले असतील तर ते भेट म्हणून की उसने, हे मायलेकांनी एका साध्या कागदावर तारखेसह लिहून ठेवावं. त्यात अविश्वास कसला? गटात आपण सख्ख्या जावांचाही हिशेब वहीत लिहितोच ना! उद्या सुनेशी भांडण होऊ नये म्हणूनच तो कागद असतो.

आता मुखत्यारपत्र. मुलगा घर घेताना हजर राहू शकत नसेल तर तो दुसऱ्याला सहीचा अधिकार देतो. इथून तिकडे मुखत्यारपत्र पाठवायचं तर नुसती नोटरी पुरत नाही. त्यावर आपल्या सरकारच्या यंत्रणेची आणि अमिरातीच्या दूतावासाची साक्षांकनं लागतात, मग तिकडच्या परराष्ट्र खात्याचं साक्षांकन आणि अरबीत अधिकृत भाषांतर. उलट बाजूही बघा. मुलगा तिकडे राहून मुलुंडला किंवा गावाजवळच्या शहरात घर घेत असेल आणि आईला मुखत्यार करत असेल, तर त्याने दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही करायची. तो कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं. दोन्हीकडे एकच काळजी घ्यायची. मुखत्यारपत्र एका कामापुरतं असावं. कोणतं घर, किती किमतीपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत हे त्यात लिहिलेलं असावं. "सर्व अधिकार" असं लिहिलेला कोरा चेक कोणाच्या हातात देऊ नये, एजंटच्या तर नाहीच.

तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं खरं, पण वकील परवडतो कोणाला? मग हे लक्ष देऊन ऐका. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तिचं उत्पन्न किती हे त्यासाठी बघत नाहीत. कोर्टात केस असेल तरच मदत मिळते असंही नाही. सल्ला हीसुद्धा मदतच आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते. १५१०० हा फुकट फोन क्रमांक आहे. तिथला वकील तुमच्यासाठी दुबईच्या कोर्टात उभा राहणार नाही. पण तुमची सही कशावर मागितली आहे, तुमच्यावर कोणती जबाबदारी येते, पैसे कोणत्या वाटेने पाठवायचे, मुखत्यारपत्र कसं असावं, हे तो सांगू शकतो. आपल्या बाजूचा अर्धा भाग तरी तिथे मोकळा होतो.

उरलेला अर्धा तिकडचा. मुलाला सांगा, दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथे कायद्याच्या सल्ल्याची सोय असते. घराचा करार वाचायला मात्र तिथला वकील फी देऊन लावावा. त्याच्याकडे दुबई सरकारच्या विधी विभागाचा परवाना आहे का ते बघावं. तो बिल्डरने किंवा एजंटने सुचवलेला नसावा. फी आधी लेखी ठरवावी आणि करारात काय धोके आहेत ते त्याच्याकडून लेखी घ्यावं. लाखोंच्या घरापुढे ती फी किती? आपण गाय घेतानाही जाणत्या माणसाला बरोबर नेतो आणि दात बघायला सांगतो. त्या माणसाला आपण गायवाल्याकडून पैसे घेऊ देत नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी असा फोन आला की आईने, बायकोने, बहिणीने सहा प्रश्न विचारायचे. गटाच्या वहीत लिहून ठेवा. मालकी कायमची की मुदतीची? प्रकल्प आणि विक्री सरकारी नोंदवहीत आहे का? पैसे कोणत्या खात्यात जाणार? हप्ते थकले तर काय परत मिळणार? घर कोणाकोणाच्या नावावर आणि पुढे कोणाचं? आणि शेवटचा, सगळ्यात मोठा प्रश्न, करार आपल्या स्वतःच्या वकिलाने वाचला का?

या सहांची उत्तरं मिळेपर्यंत पाटल्या डब्यातच राहू द्या आणि पेन पिशवीत. मुलगा रागावेल, "आई, तुला काय कळतं यातलं," असं म्हणेल. त्याला शांतपणे सांगा, "मला कळत नाही म्हणूनच विचारते. तुला कळलं असेल तर मला समजावून सांग." त्याला समजावून सांगता आलं तर चांगलंच. नाही आलं, तर त्यालाही अजून कळलेलं नाही, हे दोघांनाही टोकन देण्याआधी समजेल.

आपली मुलं परमुलखात घाम गाळतात. त्यांचं तिथे हक्काचं घर व्हावं, आपणही एकदा त्या घराच्या खिडकीतून समुद्र बघावा, असं कोणत्या आईला वाटत नाही? ते घर कागदावरही त्यांचंच असावं, एवढ्यासाठी आजचं हे बोलणं. या महिन्याच्या बैठकीत वहीच्या शेवटच्या पानावर १५१०० हा नंबर लिहून घ्या आणि ज्यांच्या घरातलं कोणी परदेशात आहे, त्यांना हे मोठ्याने वाचून दाखवा.